सरपंचबाईंचा रंग

चांदूर बाजारात दानिशचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी तो बाहेर घेतो. दुकानात बसून पासपोर्टचे, बायोडाट्याचे फोटो काढायचं काम त्याची धाकटी बहीण अमरीन करते. अकोल्याला जठारपेठेतल्या एका स्टुडिओत ती काम शिकली. तिथं कॅमेऱ्याची चकती एमवर, म्हणजे मॅन्युअलवर ठेवायची, उजेड किती घ्यायचा ते आपणच ठरवायचं, अशी तिला सवय लागली होती. दानिशला ते पटत नसे. नवा कॅमेरा आणला त्याच दिवशी त्यानं चकती ‘पोर्ट्रेट’वर फिरवली आणि वरून सेलोटेप चिकटवला.

“आपोआप गोरा येते, आपोआप गुळगुळीत येते,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक खूश. तू फक्त बटन दाब.”

पुढच्याच आठवड्यात पार्बताबाई आल्या. जवळच्याच गावच्या, नुकत्याच सरपंच झालेल्या. रंगानं चांगल्याच काळ्या, कपाळावर जुनी खूण. सोबत नवरा जानराव. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला आणि रविवारच्या सत्काराच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता.

अमरीननं बटण दाबलं. स्क्रीनवर फोटो आला तसा जानरावांचा चेहरा खुलला. “वा! हिरोईनच झाली आमची बायको.”

पार्बताबाईंनी कॅमेरा जवळ ओढून पाहिलं. “हे कोन बाई हाय?”

“तुमीच ना, काकू,” अमरीन म्हणाली.

“मी? आन् माह्या कपायावरची खून कुठी गेली?”

दानिश गल्ल्यावरून हसला. “काकू, मशीन करते ते. आपोआप होते.”

“मंग मशीनलेच उभं करायचं होतं इलेक्शनले,” पार्बताबाई म्हणाल्या. “लोकायनं मत या तोंडाले देल्लं. मले माहं तोंड पायजे.”

अमरीननं भावाकडे पाहिलं आणि नखानं सेलोटेप खरवडून काढला.

आधी तिनं नुसतं ऑटो करून पाहिलं. मागची भिंत पांढरी. कॅमेऱ्यानं भिंतीचा उजेड धरला आणि चेहऱ्याचा कोळसा केला. “पाह्य, पाह्य!” दानिश म्हणाला. “हे चांगलं दिसून राह्यलं का?” तिनं चकती एमवर आणली. पहिला फोटो फटफटीत आला. दुसऱ्यात शटर इतकं संथ झालं, की पार्बताबाई जरा हलल्या आणि चेहरा पुसट झाला. बाहेर गिऱ्हाईकं खोळंबली होती.

“अमरीन, बस झालं आता.”

“नाही भाई. काकू, थोडं थांबता का?”

“थांबतो ना बाई. घाई कोनाले हाय?”

तिनं एक दिवा विझवला, खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली, शटर बदललं, पुन्हा बदललं. मग तो फोटो आला. रंग होता तसा, काळा आणि चकचकीत. कपाळावरची खूण, नाकाच्या शेंड्यावरचा घाम, लुगड्याच्या काठातला धागा न धागा. डोळे सरळ समोर रोखलेले.

“हां,” पार्बताबाई म्हणाल्या. “हे मी हाय.”

रविवारी अमरीन सत्काराचे फोटो काढायला दानिशबरोबर गावात गेली, तर मंडपाच्या तोंडाशी फ्लेक्सवर तीच गोरीपान बाई हात जोडून उभी! जानरावांनी गुपचूप सांगितलं होतं आणि दानिशनं तो पोर्ट्रेटवरचा पहिला फोटो छापायला पाठवला होता. अमरीननं भावाकडे नुसतं पाहिलं. तो दुसरीकडे बघू लागला.

पार्बताबाई मंडपाशी आल्या आणि तिथंच थांबल्या. स्टेजवर पाहुणे बसलेले, माईकवाला नाव पुकारत होता.

“चाल ना,” जानराव दबक्या आवाजात म्हणाले. “लोक पाहून राह्यले.”

“पाहू द्या. जिचा फोटो लावला तिले बलवा. तिच्याच गयात घाला हार.”

“आता काहून तमाशा करतं?”

“तमाशा तुमी केला. माह्यासारख्या काया पोरी हायेत या गावात. त्यायनं काय समजाव? सरपंच व्हाले पावडर लागते?”

कुणी हलेना, तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच सुतळीची गाठ सोडली. एका बाजूनं फ्लेक्स लोंबकळू लागला.

“फोटो नको घेऊ,” दानिश पुटपुटला. “ऑर्डर देनारी पार्टी नाराज होईन.”

ऊन टळटळीत होतं. अमरीननं उजेडाचा अंदाज घेतला, शटरचा वेग वाढवला आणि फोटो घेतला: एका हातात सुतळी, मागं घडी पडत चाललेला तो गोरा चेहरा, पुढं पार्बताबाईंचा स्वतःचा. मग त्या हात झटकून स्टेजवर चढल्या आणि भाषण नळाच्या पाण्यावर केलं.

घरी जाताना गाडीवर दानिश फणफणत होता. “दुकान माह्यं हाय, समजलं?”

“हाय ना. पण फोटो मी काढतो. तुले बटन दाबनारीच पायजे असंन तर दुसरी पाह्य. मी अकोल्याले चालली.”

त्यानं गाडी जोरात दामटली.

सोमवारी अमरीननं तो सुतळीचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. संध्याकाळी दानिशनं काढून ठेवला. सकाळी तिनं परत लावला. त्यानं पुन्हा काढला. तिनं पुन्हा लावला. मग एक दिवस पार्बताबाईंच्या गावच्या तीन-चार शाळकरी पोरी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, आणि त्या संध्याकाळी दानिश फोटोला हात न लावता दुकानाचं शटर ओढून घरी गेला.