दोन साहेबांची फीत

आमच्या गावात दवाखाना बांधून तयार होता, पण उघडा नव्हता. आरमोरीच्या बाजूचं, नाल्यापलीकडचं आमचं गाव. इमारतीला पिवळा रंग लागला, बाळंतपणाचं टेबल आलं, सलाइनच्या बाटल्या आल्या, आणि तिथंच घोडं अडलं. मुंबईत दोन पक्षांचं आघाडी सरकार. आरोग्यमंत्री एका पक्षाचे, जिल्ह्याचे पालकमंत्री दुसऱ्याचे. मग फीत कोणी कापायची? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा आमचा दवाखाना कुलपातच राहिला.

मी तिथं शाळामास्तर. चहाच्या टपरीवर पेपर वाचून दाखवायची मला भारी हौस. एकदा फिनलंड नावाच्या देशाची बातमी होती. तिथं म्हणे पाच पक्ष मिळून सरकार चालवतात. सोमाजी कान देऊन ऐकत होता. दवाखान्याला जागा त्यानंच दिलेली, म्हणून किल्लीही त्याच्याच करदोऱ्याला.

“पाच पक्ष? मंग गुरुजी, तिथी फीत कोन कापते?”

सारी टपरी हसली. मीही हसलो.

सोमाजी माणूस सरळ, पण मानाचा भुकेला. मागे एकदा उद्घाटन ठरलं, मांडव घातला, दारावर लाल फीत बांधली, आणि ऐन वेळी सारं रद्द झालं. सोमाजीनं फीत सोडू दिली नाही. “साहेब येतीन,” म्हणायचा, आणि शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून तिची राखण करायचा.

त्याची लेक मंजुषा ब्रह्मपुरीला दिलेली. तिथं दवाखान्यांना काय तोटा? पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यात सोमाजीची एकच हौस होती, आपल्या जागेवरच्या दवाखान्यात आपलंच नातवंड पहिलं जन्मावं. तोवर फीत कापली जाईल या भरवशावर आषाढात तो तिला घेऊन आला.

धानाची रोवणी चालू होती. सकाळीच मंजुषाला कळा लागल्या. नाला दोन्ही काठ भरून वाहत होता; तिला तालुक्याला न्यायला बोलावलेली जीप पलीकडेच अडकली. या दवाखान्यावर नेमलेली नर्स बुधरी गावातच खोली घेऊन राहायची, तिनं घरीच बाळंतपण केलं. मुलगी झाली. पण मंजुषाचं रक्त थांबेना.

“काका, इंजेक्शन, सलाइन सारं तिथी कुलपात हाय,” बुधरी ओरडली. “दवाखाना उघडा!”

सोमाजी करदोऱ्यावर हात ठेवून उभा राहिला. “साहेबायले विचारून येतो,” म्हणाला, आणि पंचायतीच्या फोनकडे धावत सुटला. मी त्याच्या मागे. पालकमंत्र्यांचा माणूस म्हणाला, खातं त्यांचं आहे, त्यांना विचारा. आरोग्यमंत्र्यांचा म्हणाला, जिल्हा त्यांचा आहे, त्यांना विचारा. आणि दोघंही म्हणाले, आमचे साहेब बैठकीत आहेत. सोमाजी फोनवरसुद्धा वाकून बोलत होता. “माह्यी पोरगी मरून राह्यली जी.” पलीकडून फोन ठेवला. मी त्याचा दंड धरून ओढला, तेव्हा कुठे तो हलला.

मंजुषाला चौघांनी खाटेवर आणलं. सोमाजीनं कुलूप काढलं. दारात फीत होती. आणि तरी बाप म्हणाला, “खाट खाली करा. फीत तुटू देऊ नोका.”

चौघांनी खरंच खाट खाली केली. चिखलात गुडघे टेकून, सरकवत सरकवत फितीखालून नेली. एका झटक्यात तोडायची ती चिंधी, पण आमच्यापैकी एकाचाही हात वर गेला नाही. मंत्र्यांचा धाक माणसाच्या हाडात किती मुरलेला असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि अजून मला त्याची चीड येते.

टेबलावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बुधरीनं बाटली लावली. ती निम्मी व्हायच्या आत मंजुषा गेली.

पेपरात बातमी आली आणि दोन्ही मंत्र्यांना लगेच सवड मिळाली. एकच दिवस, दोन ताफे, दोन कात्र्या. फीत तीच, फक्त धुऊन बांधलेली. जागेचे दानशूर म्हणून सोमाजीच्या खांद्यावर शाल पडली. मग दोन्ही साहेबांनी फोटोवाल्याकडे बघत एकदमच कात्र्या चालवल्या. टाळ्या वाजल्या. सोमाजीनंही सवयीनं टाळीसाठी हात उचलले.

मंजुषाची आई, आशाबाई, नातीला पदराखाली घेऊन गर्दीत उभी होती. लेक गेल्यापासून ती नवऱ्याशी शब्द बोलली नव्हती. ती पुढं आली, खाली पडलेला फितीचा तुकडा उचलला आणि दोन बोटांत धरून पाहिला.

“येवढ्यानं तुटत होती जी?” तिनं सोमाजीला विचारलं. “मंग तुमी काऊन नाई तोडली?”

सोमाजीचे उचललेले हात तसेच राहिले. साहेब जेवायला निघाले, आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली.