रेवाचे तेरा मिलिमीटर

रेवा गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात डिझाइन विभागात होती. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढायचा आजार तिला जडला, आणि तो दाब रेटता रेटता हृदयाचा उजवा कप्पा थकत गेला. तिची थोरली बहीण विद्युलता चेन्नईच्याच एका मोठ्या इस्पितळात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायची. रेवाचा शेवटचा इकोही तिनेच काढला होता.

त्या दिवशी उजव्या कप्प्याची हालचाल तेरा मिलिमीटर भरली. आकडा अठराच्या खाली गेलेल्या माणसांपैकी निम्मी दोन वर्षंही काढत नाहीत, असं तिने एका ताज्या परदेशी लेखात वाचलं होतं. तिने रिपोर्टात तो आकडा लिहिला आणि खाली 'उपचार वाढवण्याचा विचार व्हावा' अशी ओळ जोडली.

विभागप्रमुख डॉ. बाळकृष्ण राव तंजावरकडचे मराठी. रेवा सहा मिनिटांच्या चाचणीत बरंच अंतर चालून दाखवत होती, डावा कप्पा उत्तम होता, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांनी आकडा आणि ओळ दोन्ही लाल शाईने खोडली, बाजूला सही केली आणि आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "अम्मा, तू मोजावं. भविष्य सांगू नये."

चार महिन्यांनी रेवा बाथरूममध्ये कोसळली ती उठलीच नाही. राव समाचाराला घरी आले. आयसीएफ या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माधवरावांचा, विद्युलताच्या वडिलांचा, हात धरून त्यांनी सांगितलं की हे कोणालाच आधी कळलं नसतं. विद्युलता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजार तिने सोसला असता, मरणही सोसलं असतं. हे वाक्य मात्र तिच्या काळजात रुतलं. याच माणसाच्या तोंडून, चारचौघांत, ते खोटं पाडायचं असं तिने ठरवलं.

भांडून काही होणार नव्हतं, म्हणून ती मोजायला बसली. या आजाराच्या चौऱ्याऐंशी रोग्यांच्या सीडी तिने कपाटातून काढल्या. ड्यूटी संपली की एकेक लावायची आणि उजव्या कप्प्याची हालचाल मोजायची. कोण जगलं, कोण गेलं हे पाहायचं काम, आपल्या मोजण्यावर त्याचा परिणाम नको म्हणून, तिने डॉ. महालक्ष्मीवर सोपवलं. ही तरुण डॉक्टर रावांच्याच हाताखाली होती, पण सरळ होती. दोन याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा महालक्ष्मीने त्या पुन्हा एकदा ताडून पाहिल्या. आकडा लहान असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं दोन वर्षांत गेली होती.

हे आकडे विद्युलता डॉक्टरांच्या ज्या सभेत मांडणार होती, तिला महिना होता तेव्हा अंबुजा तपासणीला आली. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात पॅकिंग करणारी, दोन मुलांची आई, रावांचीच रोगी. विद्युलताने मोजलं, चौदा. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही गेली तर रावांविरुद्ध आणखी एक पुरावा होईल. अंबुजा टेबलावर पडून तिला तमिळमध्ये विचारत होती, सगळं बरं आहे ना? विद्युलता तशीच उठून तो आकडा घेऊन महालक्ष्मीकडे गेली. त्याच आठवड्यात अंबुजाचं दुसरं औषध सुरू झालं, आणि पुढे ती जगली. सुडाची खुमखुमी मात्र कमी झाली नाही. उलट आपल्याला असा विचार करण्यापर्यंत रावांनी आणलं, असं म्हणून विद्युलता आणखीच चिडली.

सभेत शंभरेक डॉक्टर होते. राव पहिल्या रांगेत. तिने आलेख दाखवले, कोणाचंही नाव घेतलं नाही. तिला हवा होता तो प्रश्न रावांनीच विचारला. ते म्हणाले, माणूस गेल्यावर मागे वळून मोजणं सोपं असतं, त्या वेळी असा आकडा कोणी लिहिला होता का?

"लिहिला होता," विद्युलता म्हणाली आणि पुढची स्लाइड लावली.

तिने जपून ठेवलेला रेवाचा रिपोर्ट, नाव झाकून, पडद्यावर आला. तेरा मिलिमीटर, त्याखालची ओळ, दोन्हींवर लाल रेघ, शेजारी सही. ती सही सभागृहातला प्रत्येक जण ओळखत होता. रावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

महिन्याभरात या आजाराची ओपीडी महालक्ष्मीकडे गेली. प्रत्येक रिपोर्टात तो आकडा सक्तीचा झाला. एका दुपारी राव इकोच्या खोलीत आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "मला तेव्हा ठाऊक नव्हतं, अम्मा."

"मी लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या बाबांचा हात धरून सांगितलंत, कोणालाच कळलं नसतं. ते आधी त्यांच्याकडे जाऊन परत घ्या."

राव त्याच रविवारी पेरंबूरला घरी गेले. माधवरावांनी त्यांना आत घेतलं, सगळं ऐकून घेतलं, पण पाणी विचारलं नाही.

सूड घेऊन मन शांत झालं का, असं महालक्ष्मीने तिला एकदा विचारलं. विद्युलता म्हणाली, शांत नाही झालं. पण त्यांचा त्या दिवशीचा चेहरा पाहिला, ते फार बरं झालं.