टेबलाचे पाय

कोरेगावातल्या एका कचेरीत टायपिस्ट असलेल्या अंजनाची बोटं १९७४ च्या उन्हाळ्यात बधिर पडू लागली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "टेबल उंच आहे, म्हणून मनगट वाकतं आणि आत नस दबते. मनगट सरळ ठेवा."

तिनं बुटकं टेबल मागितलं, तर हेडक्लार्क लालासाहेब हसले. "बाई, आळसावर औषध न्हाई."

सोमवारी अंजनानं घरून करवत आणली आणि सगळ्यांदेखत टेबलाचे चारही पाय तीन-तीन इंच कापले.

"आवं, कचेरीचं टेबल हाय ते!" लालासाहेब ओरडले.

"व्हय. पण हात माझं हायती. टेबल दुसरं मिळंल."

ठपक्याचा कागद आला. तिनं तो घेतला, पण माफी काही मागितली नाही. दिवाळीपर्यंत बोटांना सुईचं टोकसुद्धा कळू लागलं.