कुताइसीच्या भट्टीनं जमवलेलं लग्न

गोष्टीतलं नगर आटपाट असतं, आमचं चढउताराचं होतं. त्याचं नाव कुताइसी. तिथं त्सियाला नावाची एक विधवा पाववाली राहायची. तिला गोचा नावाचा एकुलता एक मुलगा होता, अंगानं बैल आणि बोलायला गोगलगाय. आणि त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत होते मी. मी भट्टी बोलतेय. आमच्याकडे मला तोने म्हणतात. विहिरीसारखी गोल, आत विस्तव, वर तोंड. तोंड वर असल्यामुळे गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

मला त्सियालाच्या सासऱ्यानं घडवली. मातीत त्यानं शेळीचे केस मळले, म्हणून मी तडकत नाही, असं तो म्हणायचा. मी जरा हट्टी आहे तीही त्या शेळीमुळेच, असं त्सियाला म्हणते.

माणसं मला वरून बघतात, मी त्यांना खालून बघते. त्यामुळे मी माणूस ओळखते तो नाकपुड्यांवरून. खोटं बोलणाऱ्याच्या नाकपुड्या फुलतात, भुकेल्याच्या थरथरतात. त्सियालाच्या नाकपुड्यांत कायम पीठ असतं. ती शिंकली की पडवीत धुकं पडतं.

आमचा पाव म्हणजे शोती. होडीसारखी लांब, दोन्हीकडे टोक. ती माझ्या भिंतीला चिकटवायची तर त्सियाला कंबरेपर्यंत माझ्यात बुडी मारते. डोकं आत, पाय हवेत, चपला जमिनीवर. क्षणभरात शोती थापून वर येते आणि कपाळ पुसते. गावातली माणसं गरम शोती काखेत मारून निघायची आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत टोक खाऊन टाकायची. कुताइसीत दोन्ही टोकं असलेली शोती कुणाच्या घरी पोचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग गावात डॉक्टरकी शिकायला हिंदुस्थानातली मुलं आली. ती शोती घ्यायची, पायरीवरच बसून बरणीतल्या लोणच्याबरोबर खायची आणि आईच्या हातच्या डाळीची आठवण काढून नाक ओढायची. गोचाचा जीव मऊ.

"आई, यांना आपण जेवायला घालू या."

"तू? तुला अंडं उकडता येत नाही."

"स्वयंपाकी आणू. तिकडचा."

त्यानं खरंच पुढच्या खोलीत मेजं मांडली. दारावर हत्तीची पाटी स्वतः रंगवली. हत्ती त्यानं जन्मात पाहिला नव्हता. शेजारची गाय समोर उभी करून काढला आणि पुढे नळी जोडली. आचळं तशीच राहिली. मुलं त्या हत्तीसमोर उभी राहून फोटो काढून घरी पाठवायची.

स्वयंपाकी आला तो गढवालच्या डोंगरातला पदमसिंग. पेटी खाली ठेवायच्या आधी तो माझ्यात डोकावला आणि हर्षानं ओरडला, "अरे, हा तर आपला तंदूर!"

"आपला म्हणजे कुणाचा?" त्सियाला लाटणं घेऊनच आली. "ही माझ्या सासऱ्याची तोने आहे."

पदमसिंग नान उशीवर पसरायचा आणि उशी आत दाबून भिंतीला लावायचा. त्सियालाला हे बघवेना. "पाव लावायला उशी? भाजायला आलायस की झोपायला?"

"आजी, तुमच्यासारखं पाय वर करून आमच्याकडे फक्त विहिरीत पडतात."

रोज असं चालायचं. शेवटी त्यांनी मला वाटून घेतलं. दाराकडची भिंत शोतीची, अंगणाकडची नानाची. सीमेवर एखादा नान सरकला तरी भांडण. मला दोन्हीकडून गुदगुल्या व्हायच्या.

दोघांची अजून एक तक्रार होती. हिंदुस्थानातली मुलं ताट चाटूनपुसून खायची. पदमसिंग खूश. त्सियाला मात्र रडवेली. "रिकामं ताट! लोक म्हणतील, या घरात पोटभर वाढत नाहीत." गावातली माणसं आली की उलटं. ती निम्मं ताटात ठेवून उठायची, कारण आमच्याकडे तीच रीत. मेजाचं कापड दिसता कामा नये, ताटावर ताट चढलं पाहिजे, आणि सगळे उठले तरी मेज भरलेलं राहिलं पाहिजे. तेव्हा पदमसिंग माझ्याशी येऊन बसायचा. "मीठ कमी होतं का गं? सांग ना. खाल्लं का नाही त्यांनी?" भट्टीला माणूस हे विचारतो तेव्हा समजावं की तो फार दुखावलाय.

आता माकवालाची गोष्ट. समोरच्या औषधांच्या दुकानात ती बसायची. रोज दुपारी यायची आणि डाळ मागायची, "चांगली तिखट." खाताना डोळ्यांतून धारा लागायच्या. गोचा पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे खांबासारखा उभा.

"बोला ना काहीतरी, गोचादादा," पदमसिंग ढोसायचा.

"काय बोलू?"

"निदान पाणी हवं का विचारा."

गोचानं धीर गोळा केला, कानापर्यंत लाल झाला आणि विचारलं, "पाणी हवं का?"

"हवं," माकवाला म्हणाली.

झालं. प्रेमप्रकरण तिथंच थांबलं. हिवाळे गेले, उन्हाळे गेले, तो रोज तेच विचारायचा, ती रोज तेच सांगायची. त्सियाला माझ्यात डोकं घालून कपाळ बडवायची. "पोरीच्या पोटात नदी झाली, पण लग्न काही होईना!"

मलाही घाई होती. त्या वर्षी माझ्या पोटात एक तडा गेला. बारीक, पण मला कळत होता. लग्नाच्या शोती ज्या भट्टीत भाजल्या जातात ती भट्टी धन्य, असं आमच्या जातीत मानतात. गोचाच्या लग्नाच्या शोती भाजायच्या आणि मग खुशाल फुटायचं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

शेवटी त्सियालाच उठली आणि माकवालाच्या बापाकडे गेली. बाप म्हणजे बोंदो. सगळ्या गल्लीचा तमादा. आमच्याकडे मेजावर एक म्होरक्या लागतो. तो उठतो, कुणाच्या तरी नावानं लांबलचक चांगलं बोलतो, मग सगळ्यांनी पेला रिकामा करायचा. त्याच्या बोलण्याशिवाय वाईनचा घोट घ्यायचा नाही, आणि शेवटचा पेला झाल्याशिवाय त्यालाही उठता येत नाही. तो तमादा.

बोंदो म्हणाला, "मी मुलाचं घर बघत नाही, शेत बघत नाही. मेज बघतो. रविवारी दुपारी येतो. मेज आवडलं तर मुलगी तुमची. नाही आवडलं तर ती डाळसुद्धा घरीच खाईल."

रविवार आला. बोंदो आला, बायको, भाऊ, भावजया आल्या. पडवीचं दार फुगून अडकायचं म्हणून गोचानं कधीच काढून टाकलं होतं, त्यामुळे मला आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि जे दिसलं नाही ते पदमसिंगनं मागाहून सांगितलं. पदमसिंगनं जीव ओतला होता. काळी डाळ, पालक-पनीर, कोंबडी, वर लोण्यानं चमकणारे नान. सगळं वाफाळतं.

बोंदो उभा राहिला. शांततेच्या नावाचा पेला. शांततेवर तो इतकं बोलला की लढाई झाली असती तर तीही तेवढ्यात उरकली असती. मग पितरांच्या नावाचा पेला. आजोबा, पणजोबा, पणजोबांचा घोडा.

पदमसिंग खांबाआडून बघत होता. नान गारठले. लोणी थिजलं. डाळीवर साय धरली. पाहुण्याला गार वाढणं म्हणजे त्याच्या गावात पाप. तो पुढे झाला आणि बोंदोचा पणजोबा घोड्यावर बसतोय तेवढ्यात सगळी ताटं उचलून गरम करायला आत घेऊन गेला.

बोंदोचा पेला हवेतच थांबला. आमच्याकडे जेवण चालू असताना ताट उचलायचं म्हणजे पाहुण्याला सांगायचं, चला, निघा आता.

त्सियाला बाहेर असती तर तिनं त्याचा हात धरला असता. पण ती कंबरेपर्यंत माझ्यात होती. मी ओरडले, पण माझं ओरडणं म्हणजे नुसता जाळ. ती म्हणाली, "फडफडू नकोस गं, केस जळतात."

पदमसिंगनं ताटं गरम करून परत मांडली. बोंदोनं राग गिळला आणि आईबापांच्या नावाचा पेला उचलला. आईबाप संपेपर्यंत डाळ पुन्हा गार. पदमसिंग पुन्हा आला. या वेळी बोंदोनं ताट घट्ट धरलं.

"सोड!"

"गार झालंय, काका!"

"गार असो, माझं आहे!"

"दोन मिनिटांत गरम करून आणतो!"

"मला पाहुणा म्हणून बोलावलंय की हमाल म्हणून? ताट सोड म्हणतो ना!"

ओढाताणीत डाळ उडाली आणि बोंदोच्या मिशीवर बसली. भावजय फिसकन हसली. बोंदो ताड्कन उभा राहिला.

"माकवाला, कोट घे. या घरात वाढलेलं परत नेतात. उद्या तुलाही परत पाठवतील."

गोचा तांब्या घेऊन उभाच. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. मासा बरा.

"कोट घे" ऐकलं आणि त्सियाला माझ्यातून अशी उसळून वर आली की एक शोती तिच्या डोक्याला चिकटून आली. तशीच ती दारात जाऊन उभी राहिली.

पण बोलली कोण? माकवाला. कधी "हवं"च्या पुढे न गेलेली पोर.

"बाबा, मी अजून जेवलेच नाही. तुम्ही बोलताय आणि तो उचलतोय. आणि शेवटचा पेला न घेता तमादा उठल्याचं गल्लीला कळलं, तर पुढच्या बारशाला तुम्हाला कोण बोलावणार?"

बोंदो बसला. कोट घालूनच बसला. "लवकर उरकतो," म्हणाला.

त्सियाला वळली. "पदम! यापुढे एक ताट उचललंस तर तुला भाजेन. उचलायचं नाही, चढवायचं!"

"पण आजी, गार..."

"गारावर गरम चढव! थांबू नकोस!"

आणि मग मुलांनो, मी जे भाजलं ते आयुष्यात भाजलं नव्हतं. इकडून नान, तिकडून शोती. सीमा कुणाची, भिंत कुणाची, कुणाला शुद्ध नव्हती. गडबडीत पदमसिंगनं हातानं शोती लावली आणि त्सियालानं उशीनं नान. माझा तडा चर्र वाजत होता. मी म्हटलं, वाज लेका, आज मला वेळ नाही.

ताटावर ताट, वाटीवर वाटी, नानावर शोती. ढीग इतका झाला की बोंदोची बायको बोंदोला दिसेना. ती म्हणाली, "देवाची कृपा." ढिगामागून बोंदोचं बोलणं येत होतं. मुलाबाळांच्या नावाचा पेला... शेजाऱ्यांच्या नावाचा पेला... आणि मग, मैत्रीवर बोलता बोलता, आवाज थांबला.

तमादा मधेच थांबला असं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"मेले की काय?" भावजयीनं विचारलं.

त्सियालानं वरच्या शोती बाजूला केल्या. मागे बोंदो. कोटाच्या बाह्या वर, गरम नान बोटांत, आणि काळ्या डाळीच्या ताटाचा तळ असा चकचकीत की त्यात त्याची मिशी दिसत होती.

"रिकामं!" त्सियाला किंचाळली, घाबरून.

"रिकामं!" पदमसिंग ओरडला, आनंदानं.

बोंदो चोरासारखा दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नावानं बोलत आलो आणि गार खात आलो. गरम असं लागतं, हे मला कुणी सांगितलं का नाही?" त्यानं बोट चाटलं. "उरलेलं मेज भरलेलं आहे. माझं ताट तेवढं सोडून द्या. शेवटचा पेला आहे, आणि तो मी जावयाला देतो. बोल, मुला."

पेला गोचाच्या हातात आला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या कानांतून वाफ निघाली असेल, मला पडवीत धग लागली. तो माकवालाकडे वळला.

"पाणी हवं का?" गोचा म्हणाला.

"हवं," माकवाला म्हणाली. "रोज हवं. म्हातारी होईपर्यंत."

याच्याएवढं चांगलं भाषण आपण केलं नाही, असं बोंदो अजून सगळीकडे सांगतो.

लग्नाच्या शोती मीच भाजल्या. नानही भाजले. फुटायचं ठरवलं होतं, पण पदमसिंग आणि त्सियालानं मिळून माती कालवली, शेळीचे केस घातले आणि माझा तडा लिंपला. केस कुठल्या शेळीचे घ्यायचे यावरून भांडले ते वेगळं.

तुम्ही कधी त्या आचळवाल्या हत्तीच्या पाटीखाली जेवायला आलात तर भट्टीची एक विनंती ऐका. गरम असताना खा. सगळं खा. फक्त शोतीचं एक टोक ताटात ठेवा. टोक बघून म्हातारीला वाटतं, उरलं. ताट बघून पदमसिंगला वाटतं, संपलं. दोघं सुखानं झोपतात.

आता माझ्या तोंडाशी नवीन नाकपुड्या येतात. वाटाण्याएवढ्या. त्सियाला नातीला कडेवर घेऊन जपून मला दाखवते. पोरीला दात येताहेत, शोतीचं टोक दिवसभर चघळते. परवा तिला ठसका लागला. गोचा तांब्या घेऊन धावत आला, कान लाल, तोंड उघडं. तो विचारणार, तेवढ्यात पोरीनंच टोक बाजूला केलं आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलली.

"हवं."