मडकी धुतली ती माझ्याच पाठीवर

मी एक जुनी शिळा आहे. माझे वय जाणकार तीन हजार वर्षे सांगतात. मित्रांनो, एके काळी माणसांनी मला टेकडीतून फोडून काढले आणि ओंडक्यांवरून ढकलत माळावर आणले. तिथे चार दगड उभे करून एक पेटी केली होती. पेटीत एक लहान मूल निजवलेले होते. जवळ तीन मडकी होती, भरलेली. त्यांत काय होते ते मला दिसले नाही. मी सगळ्यांत शेवटी आले; झाकणे एवढेच माझे काम.

ते मी इमानेइतबारे केले. आजूबाजूला अशीच आणखी दहा-बारा थडगी होती. त्यांवरच्या आम्ही सगळ्या शिळा गप्प पडून होतो.

मग, हजारो वर्षांनी, गावच्या शाळेचे मास्तर आले. माणूस लाखात एक. मुलांना इतिहास हातात घेऊन बघता यावा, ही त्यांची तळमळ. त्यांनी पहारी लावून मला उचलले. मुलाची ठिसूळ हाडे धक्क्याने तिथेच चुरा झाली. मग मला त्यांनी मडक्यांसह ट्रॅक्टरने शाळेच्या अंगणात आणले. नळाजवळ मला टाकले आणि माझ्याच पाठीवर मडकी घासायला घेतली. आतली काळी माती माझ्या अंगावरून ओघळून गटारात गेली.

मडकी कपाटात चमकू लागली. मास्तरांची वाहवा झाली. मला मात्र सगळे विसरले.

काही वर्षांनी एक संशोधक बाई आल्या.

"बघा, कशी लख्ख ठेवलीत!" मास्तर म्हणाले.

"आतली माती कुठंय, सर?"

"धुतली की! इथंच, नळाखाली."

"लेकराच्या उशाला कुठलं मडकं होतं?"

मास्तरांना आठवेना.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मातीत जळके दाणे सापडतात, फुलांचे परागही. लेकराबरोबर काय दिलं होतं, ते कळलं असतं."

मास्तर मटकन माझ्यावरच बसले. "म्हणजे मीच पुसून टाकलं?"

बाई गटाराशी वाकून माती चाचपू लागल्या.

पुढे बाईंनी शेजारचे एक थडगे कुंचल्याने, इंचाइंचाने उघडले. मास्तर रोज चाळणी धरून बसत. तिथल्या मडक्यात धान्य निघाले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर तोंड फिरवून उभे राहिले.

मित्रांनो, जुने काही सापडले तर कौतुकानेसुद्धा हलवू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि जाणत्याला बोलवा. माझे मूल कोण होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मास्तरांनी कपाटावर एक चिठ्ठी डकवली आहे: 'आत काय होते, माहीत नाही. ही मडकी मी धुतली.' खाली त्यांची सही आहे.