दोन मिनिटं आधी

बस डेपोत त्याला सगळे सव्वासात म्हणत. पगारपत्रकावर दुसरं नाव होतं, पण ते खुद्द त्याच्याही फारसं लक्षात नसावं. एकोणीस वर्षं तो रोज सकाळी सव्वासाताच्या ठोक्याला फलाटावर हजर असे आणि कुठली गाडी कधी सुटायची ते ठरवत असे. त्याचा नियम एकच होता. गाडी प्रवाशाच्या आधी दोन मिनिटं फलाटाला लागली पाहिजे. माणसाला ताटकळत ठेवणं त्याच्या लेखी महापाप होतं.

अशा माणसाला मुलीसाठी मात्र सहा वर्षं ताटकळावं लागलं. अर्ज, शिक्के, मुलाखती, पुन्हा शिक्के. एका कागदावर बायकोची सही जरा तिरकी आली म्हणून फाईल चार महिने परदेशातल्या कुठल्याशा कपाटात पडून राहिली. शेवटी एका गुरुवारी दुपारी दोघं विमानतळावरून टॅक्सीने घरी आले आणि सव्वासात दहा महिन्यांच्या मुलीला छातीशी धरून तीन मजले चढला. मागून येणारी बायको दोन बॅगा ओढत सारखी म्हणत होती, “सावकाश रे! पळतोस कुठे?”

दारात त्याची आई उभी होती. तिने सकाळपासून चार वेळा केर काढला होता आणि धूळ कुठून येते म्हणून खिडकीला दोष देऊन झाला होता. मुलीने आधी आजीकडे बघितलं, मग छताकडे, मग पंख्याकडे. खोली भाड्याने घ्यावी की नाही, याचा विचार करत असल्यासारखी ती शांतपणे सगळं न्याहाळत होती.

“अगं बाई, ही तर तपासणीला आलीय!” आजी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “काय ठमाबाई, पसंत आहे का घर?”

तेव्हापासून ती ठमी झाली.

ठमीबरोबर तिकडच्या बालगृहाने एक छापील कागद दिला होता. सहाला दूध, आठला आंघोळ, दहाला दूध, बाराला झोप. तो वाचून सव्वासात इतका हरखला की बायकोला म्हणाला, “बघ, माझ्याच वळणावर गेलीय!” त्याने पट्टी घेऊन मोठ्या कागदावर रेघा आखल्या, लाल-निळी शाई वापरली आणि वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलं. वर स्वतःचा नियमही लावला. पाच अठ्ठावन्नला दुधाची बाटली तयार. बाराला दोन मिनिटं असताना पडदे बंद.

आणि ठमी रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि गालावर बोटं ठेवून म्हणाल्या, “किती हो शहाणं बाळ! आमच्या कार्ट्यांनी चाळीस घरं जागी ठेवली होती.” सव्वासाताची मान ताठ झाली. डेपोत फोन करून त्याने तीन ड्रायव्हरना हे सांगितलं, त्यातल्या एकाला दोनदा.

नवव्या दिवशी ठमी बसल्या बसल्या मागे कलंडली आणि तिचं डोकं खाटेच्या पायावर आपटलं. टण्णकन आवाज झाला. सव्वासात धावला तेव्हा ठमीचं तोंड उघडलेलं होतं, डोळ्यात पाणी होतं, पण आवाज नव्हता. तिने ना त्याच्याकडे बघितलं, ना आजीकडे. छताकडे बघत तिने तोंड मिटून घेतलं. सव्वासाताने तिला उचललं आणि दवाखान्यात फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाळाला तपासायला नर्स आली. भरदार आवाजाची, स्पष्टवक्ती बाई. तिने टेंगूळ बघितलं, वजन केलं, सगळं ऐकून घेतलं आणि फ्रीजसमोर जाऊन उभी राहिली.

“हे कोणी केलं?”

“मी,” सव्वासात म्हणाला. त्यातही थोडा अभिमान होताच.

“सुरेख आहे. काढून टाका.”

तो वेळापत्रकाच्या आड येऊन उभा राहिला.

“अहो, तिथे बालगृहात एका बाईच्या वाट्याला बारा मुलं,” नर्स म्हणाली. “दूध घड्याळावर यायचं. रडून कोणी येत नाही म्हटल्यावर मूल रडणं सोडून देतं. तो शहाणपणा नाही, तो नाद सोडणं आहे.”

“पण आम्ही तर सारखे तिच्याभोवती असतो!” बायको कळवळून म्हणाली.

“असता ना. बोलवायच्या आधीच असता. मग बोलावलं की माणूस येतं, हे तिला कळायचं कधी?”

“दोन मिनिटं आधी...” सव्वासात पुटपुटला.

“ती प्रवासी नाही हो, मुलगी आहे.” नर्सचा आवाज जरा उतरला. “उपाशी ठेवू नका, मुद्दाम रडवू तर मुळीच नका. फक्त तिच्याकडे बघत बसा. तिने ओठ काढला, हात हलवला, काहीही केलं, की उत्तर द्या. ‘आलो’ म्हणा आणि जा.”

सव्वासाताने वेळापत्रक स्वतःच्या हाताने काढलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी वाढवून घेतली. डेपोतल्यांना वाटलं, माणूस आजारी आहे.

मग घरात दिवसभर ‘आलो’ सुरू झालं. ठमीने खुळखुळा टाकला, आलो. ठमी शिंकली, आलो. एकदा तिने नुसतं “अं” केलं, तर हा अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून धावत सुटला आणि स्वयंपाकघरातून आजी ओरडली, “अरे, निदान पंचा तरी नीट गुंडाळ!” ठमी त्याच्या साबणाकडे बघत राहिली. रडली नाहीच.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी जेवताना त्याचा घास हातातच राहिला. “आपण तिला आपले वाटतच नसू तर?” तो बायकोला म्हणाला.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाच्या जाडीचा फरक तिच्या बोटांना कळत असे. “काल तू खोलीतून गेलास तेव्हा ती दाराकडे बघत राहिली,” ती म्हणाली. “परवा बघितलं नव्हतं. मी लक्ष ठेवून आहे. घरात एकट्या तुलाच मोजमाप कळतं, असं समजू नकोस. जेव.”

सोमवारी सकाळी त्याने बूट चढवले, पिशवी घेतली. ठमी बायकोच्या कडेवर होती. “येतो हं, ठमाबाई,” तो म्हणाला आणि जड मनाने जिना उतरू लागला.

तो दुसऱ्या मजल्यावर पोचला आणि वरून किंकाळी आली. अशी खणखणीत, अशी लांबलचक, की कोणाचं मूल हे, असा विचार आधी त्याच्याही मनात आला. धडाधड दारं उघडली. काकू वरच्या कठड्यावरून वाकून विचारू लागल्या, “अहो, काय झालं? कोण रडतंय?”

“आमची!” सव्वासात जिन्यातच ओरडला. “आमची रडतेय! ऐका!” आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर पळाला.

आत नुसता गोंधळ होता. आजी दुधाची बाटली पुढे करत होती आणि ठमी ती हाताने उडवून लावत होती. तिला दूध नको होतं, खुळखुळा नको होता. लालबुंद चेहरा, नाकाला धार, आणि नजर दारावर खिळलेली. बायको तिला सांभाळता सांभाळता हसत होती आणि हुंदकेही देत होती. दारात बाप दिसला तशी ठमी दुप्पट जोराने ओरडली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

“आलो गं, आलो!”

त्याने तिला घेतलं. तिने त्याची कॉलर मुठीत आवळली, इस्त्रीच्या शर्टाला नाक पुसलं आणि हुंदके देत देत तिच्या भाषेत त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो सगळ्याला “हो, हो, चुकलंच माझं” म्हणत राहिला. अख्ख्या आयुष्यात त्याने इतक्या आनंदाने बोलणी खाल्ली नव्हती.

सात वाजून सतरा मिनिटांनी डेपोतून फोन आला. हाताखालच्या माणसाचा आवाज कापत होता. “साहेब, बरे आहात ना? ॲम्ब्युलन्स पाठवू का? इथे तुमचा पत्ता नाही!”

“बरा आहे. एकदम बरा आहे. गाड्या तू सोड.”

“पण तुम्हाला यायला किती मिनिटं लागतील?”

सव्वासाताने खाली बघितलं. ठमीचा हुंदका थांबला होता, मूठ मात्र सुटली नव्हती.

“आता मला काय माहीत?” तो म्हणाला. “ती सोडेल तेव्हा येईन.”