उसन्या सवयी

"आई, सोड ना तो पडदा! लोक बघतायत."

लेकीने मनगट धरून ओढलं, तेव्हा कुठे ताईने सभागृहाच्या खिडकीचा पडदा हातातून सोडला. त्याची खालची दुमड कोपऱ्यात उसवली होती आणि कुणीतरी तिथे चक्क स्टेपलरची पिन मारली होती. पडद्याला पिन! ताई खुर्चीत येऊन बसली, पण नजर तिकडेच. भर दुपारी नुसतं बसून राहायची तिला सवयच नव्हती. हात आधी मांडीवर ठेवून पाहिले, मग पिशवीच्या बंदाशी चाळवले, आणि शेवटी ते समोरच्या खुर्चीच्या कव्हरची शिवण चाचपायला निघाले.

"तुझं बूड काही टेकत नाही बाई," लेक पुटपुटली.

समोर व्यासपीठावर ताईची धाकटी बहीण बसली होती. शहरातल्या व्यापारी महिलांच्या मंडळाने यंदाचा पुरस्कार तिला दिला होता. पडदे, गाद्या, सोफ्याची कव्हरं यांची दोन दुकानं चालू होती, तिसरं होऊ घातलं होतं. त्या दुकानांतून विकले जाणारे निम्म्याहून जास्त पडदे ताई घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मशीनवर शिवत होती. नगामागे मजुरी. लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून हे चाललं होतं. आता लेक स्वतः नोकरीला लागली होती.

टाळ्या झाल्या. काचेचं मानचिन्ह टेबलावर ठेवून धाकटी माईकपाशी आली.

"सगळे मला यशाचं गुपित विचारतात," ती म्हणाली. "गुपित वगैरे काही नाही हो. सवयी! रोजच्या साध्यासुध्या सवयी. मी पहाटे उठते. घर जागं व्हायच्या आत दिवसाचं निम्मं काम माझ्या हातावेगळं झालेलं असतं."

लेकीने वळून आईकडे पाहिलं. मावशी नऊच्या आत डोळा उघडत नाही, हे नात्यागोत्यात कुणालाही विचारावं. लहानपणी तिला उठवायला ताईला तिच्या तळपायांना ओले हात लावावे लागत.

"उरलेली चिंधी मी फेकत नाही," धाकटी सांगत होती. "तिचे पडद्याला बंद होतात. हातात पैसे आले की एक वाटा आधी बाजूला, मग खर्च. उधारीवर काडीही घेत नाही. आणि दिलेली तारीख मी कधी चुकवली नाही. अंगात ताप होता, डोळे उघडत नव्हते, तरी मशीन थांबलं नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं!"

"ताप?" लेक खुर्चीच्या टोकावर आली. "आई, तो ताप तुझा होता! मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते."

"हळू बोल."

"आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ते हेच."

ताईला खरं तर आधी हसू आलं होतं. आपलेच कपडे घालून कुणीतरी रस्त्याने चाललंय आणि त्याला ते आपल्यापेक्षा शोभून दिसतायत, असं काहीसं. धाकटी बोलतही छान होती. ताईचं सगळं आयुष्य, जे ताईला कधी सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, ते तिच्या तोंडून ऐकताना सभागृह माना डोलवत होतं.

मग हसू ओसरलं. लवकर निजे, लवकर उठे, त्यास ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे, असं त्यांचे वडील रोज म्हणायचे. ताईने ते ऐकलं आणि पाळलं. संपत्तीची वाट पाहत बसली नव्हती ती, पण आपण योग्य रस्त्यावर आहोत याबद्दल तिच्या मनात कधी शंकाही नव्हती. बाजूला ठेवलेला वाटा कधी बाजूला राहिला नाही, एवढंच. एकदा छप्पर गळायला लागलं, एकदा नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, मग लेकीची फी. ती पुन्हा पहिल्यापासून ठेवायला लागायची. आज समोर तीच यादी वाचली जात होती आणि शेवटी उत्तर वेगळं येत होतं. मग आपलं चुकलं कुठे?

शेजारी बसलेली तरुण बाई मोबाइल उंच धरून सगळं टिपत होती. भाषण संपल्यावर तिने डोळे पुसले.

"किती प्रेरणा मिळते ना?" ती ताईला म्हणाली. "तुम्हीही काही व्यवसाय करता?"

"पडदे शिवते."

"अय्या! मग तुम्ही तर या सवयी लावूनच घ्या. उशीर कधीच झालेला नसतो."

"बघते," ताई म्हणाली.

लेकीला ठसका लागला. ती पाणी प्यायला बाहेर निघून गेली.

धाकटीने ताईला गर्दीतून शोधून काढलं आणि व्यासपीठामागच्या खोलीत नेलं. तिथे जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. धाकटीने चपला काढून पाय मोकळे केले.

"कसं झालं? खरं सांग."

"चांगलं बोललीस. फक्त ते सगळं माझं होतं."

धाकटी जराही दचकली नाही. उलट सुस्कारा टाकून तिने दोन खुर्च्या खाली उतरवल्या.

"मग काय सांगू गं ताई? दुकानासमोर हॉटेल झालं आणि मालकाला पडदे घ्यायला लांब जायचा कंटाळा आला, हे सांगू? सासऱ्यांचा गाळा होता, भाडं नव्हतं, हे सांगू? भाषण दोन मिनिटांत संपलं असतं. लोकांना सवयी हव्या असतात. मी आठवून बघितलं, माझ्याकडे सांगण्यासारखी एकही नाही. मग डोळ्यांसमोर तू आलीस. पहाटे दिवा लावून बसलेली." ती थांबली. "आणि खोटंही नाही ते. त्या हॉटेलवाल्याने पुढे दहा जणांना माझं नाव सांगितलं, ते का? पडदे धुऊन आटले नाहीत, वेळेवर आले, म्हणून. तुझ्या सवयींनीच झालंय हे सगळं."

"म्हणजे सवयी लागू पडल्या," ताई सावकाश म्हणाली. "तळं साचलं. पण तुझ्या दारात."

धाकटी एकदम आठवल्यासारखं करत म्हणाली, "तेच सांगायचं होतं. एका नव्या हॉस्पिटलच्या पडद्यांचं काम मिळालंय. सगळे मजले. महिनाअखेरीला द्यायचंय. तुझ्याशिवाय कुणावर सोपवू?"

"अर्धं," ताई म्हणाली.

आपण असं काही बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"कशाचं अर्धं?"

"नफ्याचं. या कामापासून पुढे."

धाकटी हसली. ताई हसत नाही हे दिसल्यावर तिने चपलांत पाय घातले.

"यांच्याशी बोलावं लागेल."

"बोल की. तोवर कापड पाठवू नकोस."

घरी आल्यावर लेकीने हे ऐकलं आणि आईला मिठीच मारली. नवऱ्याने नुसतं विचारलं, "आणि ती नाही म्हणाली तर?" ताईने पिशवी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवसापासून तिची अवस्था वाईट झाली. डोळे पहाटेच उघडायचे. उठून काय करायचं, ते कळायचं नाही. मशीन पुसलं, तेल घातलं. कात्र्यांना धार लावून आणली. चिंध्या रंगांप्रमाणे लावल्या, मग मापांप्रमाणे लावल्या. पुन्हा मशीनला तेल घातलं.

"पुरे आता," नवरा अंथरुणातून म्हणाला. "तेल पाजून पाजून लठ्ठ करशील त्याला."

झोपून राहायचाही तिने प्रयत्न केला. छताकडे बघत पडली की पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर असल्यासारखे हलत. मनात एकच घोळायचं: दारात आलेलं काम आपण परत धाडलं. असं कधी केलं नव्हतं. दुकानाचा टेम्पो खरोखरच आला होता. चालकाने गठ्ठे उतरवायला घेतले, तेव्हा ती आडवी उभी राहिली होती. "बाईंना सांग, अर्ध्याचा निरोप मिळाला नाही अजून," एवढंच म्हणाली होती. नंतर कानावर आलं की थोडं कापड बाजारातल्या एका कारखान्यात शिवायला टाकलंय. जवळच्या शाळेतले गणवेश शिवायला मिळतील का, हेही ती विचारून आली. मिळाले असते, पण पुढच्या हंगामात.

"फोन करू का मावशीला?" लेकीने विचारलं.

"नको."

"तूच कर मग."

"मी एकदा बोललेय," ताई म्हणाली. आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मग एका पहाटे दार वाजलं. उजाडलंही नव्हतं नीट. ताई अर्थातच जागी होती. दार उघडलं तर धाकटी. केस विंचरलेले नाहीत, घरातलाच झगा, वरून नवऱ्याचा स्वेटर. जिना चढून धाप लागलेली.

"काय झालं गं? कुणाला काही..."

"झोप नाही," धाकटी म्हणाली आणि आत आली. "चार रात्री झाल्या. त्या कारखान्याने वाट लावली. एक पडदा वर, एक खाली. परत पाठवले हॉस्पिटलने. यांच्याशी भांडण झालं. म्हटलं, माझ्या बहिणीला द्यायचंय ते द्यायचंय. अर्धं." ती क्षणभर थांबली. "म्हणजे ते हो म्हणाले नाहीयेत अजून. पण म्हणतील. दुकान माझ्या नावावर आहे."

"चहा टाकते."

"आणि पाटीवर तुझं पण नाव टाकू."

"आधी नफ्याचं बोल."

"बोलले ना!" धाकटी चिडून म्हणाली आणि मशीनशेजारच्या खाटेवर बसली. खिडकीखाली रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या इमारतीत एकही दिवा नव्हता. "रोज या वेळेला उठतेस तू?"

"हो."

"कंटाळा नाही येत?"

"यायचा. पण कुणाला सांगणार? सगळे झोपलेले असायचे."

ताई चहा घेऊन आली तेव्हा धाकटी बसल्या जागी कलंडून झोपली होती. तोंड थोडं उघडं, पाय खाली लोंबकळत. ताईने ते पाय उचलून वर ठेवले. थंडगार होते.

जिन्याच्या तोंडाशी कापडाचे दोन गठ्ठे दिसत होते. टेम्पोवाल्याला उठवून धाकटीने सोबतच आणले असावेत. ताईने ते एकेक करून आत ओढले, वरचा गठ्ठा सोडला, कापड बोटांत चोळून पाहिलं. चांगलं होतं. दोरा ओवला. पायट्यावर पाय ठेवला.

मग तिने झोपलेल्या धाकटीकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला.

बाहेर उजाडत गेलं. मशीनपुढे ताई नुसती बसून राहिली. दोन्ही कप तिनेच प्यायले, एकामागून एक.